जोडधंदा नव्हे, पूर्णवेळ मजुरी
अमेरिकेत गेलेल्या फिलिपिनो आईची शिलाई म्हणजे ‘मुलं सांभाळून केलेला जोडधंदा’ असं कुणी कुणी म्हणतं, ते मला अजिबात पटत नाही. १९६५ च्या कायद्याने स्थलांतराची वाट मोकळी झाल्यावर कॅलिफोर्नियात आलेल्या कितीतरी बायकांचं घर मशीनवरच चाललं. मजुरी नगावर. कॉलर जोडली की इतके सेंट, बाही लावली की इतके. धागा तुटला, सुई मोडली, मूल तापलं, तो वेळ बिनपैशाचा. कपड्यांच्या कारखान्यांतली ही नगावरची मजुरी तिथे कायद्याने बहुतांशी बंद झाली ती थेट १ जानेवारी २०२२ पासून! तोवर एक अख्खी पिढी खपली होती.

आणि हातातलं कसब बघा. तेर्नो या पारंपरिक फिलिपिनो झग्याची ती खांद्यावर उभी राहणारी फुलपाखरी बाही कुणी शिवून बघावी. आत ताठ अस्तर, खांद्याशी बारीक चुण्या, दोन्ही बाजू अगदी सारख्या. एक चूण सरकली तरी बाही कलते. मुलीच्या अठराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यासाठी असा झगा रात्री जागून शिवायचा, कारण दिवसा परक्यांचे कपडे. शिवाय त्याच मजुरीतून माहेरी पाठवायची बालिकबायन पेटी, म्हणजे घरच्यांसाठीच्या भेटवस्तूंचा खोका, भरायची: साबण, कॉफी, डबाबंद मांस, भाचरांचे बूट.