प्रतिसाद: नव्या गाडीला पॉलिश की वॅक्स?

महिनाभराच्या नव्या गाडीला पॉलिश करू की वॅक्स, असं विचारलंत. पॉलिश आणि वॅक्स एकच समजू नका, तिथेच घोळ होतो. पॉलिश किंवा रबिंग कंपाउंड वरचा क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) किंचित घासून काढतं. महिनाभराच्या गाडीला ते कशाला? वॅक्स फक्त वर थर देतं. कार्नोबा (ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण) छान चमकतं, पण आपल्या उन्हापावसात महिना-दीड महिन्यात उतरतं. सिंथेटिक सीलंट (वॅक्ससारखाच वर थर देणारं कृत्रिम रसायन) जास्त टिकतं. मी तेच वापरतो.

पण खरे पैसे गाडीच्या शाम्पूवर आणि मायक्रोफायबरच्या मऊ फडक्यांवर घाला. आमच्या सोसायटीत एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात. माझ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर सहा महिन्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उठले, उन्हात तर बघवत नाही. आता स्वतः धुतो, दोन बादल्या घेऊन: एक शाम्पूची, एक फडकं खळबळायला. भांड्यांचा साबण अजिबात नको, असलेलं वॅक्सही धुऊन जातं.

वॅक्स सावलीत, पत्रा गार असताना लावा. काळ्या प्लास्टिकवर मास्किंग टेप चिकटवा, नाहीतर पांढरे डाग टूथब्रशने घासत बसाल. मी बसलोय.

शोरूमवाल्यांचं 'टेफ्लॉन' कोटिंग (रंगावर लावायचा संरक्षक थर) घेतलंय का तुम्ही?