आधी खांदे, मग अक्षर
एका ताईंनी विचारलंय की मुलगा दोन ओळी लिहून हात झटकतो, तर रोज पानभर लेखन करून घ्यावं का? माझं मत, नको. बोटं लवकर दमतात तेव्हा पुष्कळदा खांदा आणि मनगटच अजून पुरेसं स्थिर झालेलं नसतं. माझ्या मुलीच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनं (लेखन, बटणं लावणं अशा रोजच्या कामांसाठी मुलांची तयारी करून घेणाऱ्या तज्ज्ञानं) सुरुवात खेळांपासूनच केली होती.

भिंतीवर मोठा कागद चिकटवा आणि उभं राहून चित्र काढू द्या. उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप मागे वळतं, लेखनाला हवं तसंच. खडूचे इंचभराचे तुकडे द्या. तुकडा मुठीत मावत नाही, चिमटीतच धरावा लागतो. माझ्या मुलीला अस्वलासारखं चार पायांवर चालत जाऊन दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायला फार आवडायचं. त्यात खांद्यांवर भार येतो आणि बोटांनाही काम मिळतं. दहा मिनिटं पुरतात.

ओल्या मातीला किंवा रंगाला हात लावायला मूल घाबरत असेल तर बळजबरी अजिबात नको. आधी ब्रश किंवा चमचा द्या, बोटं नंतर येतील. आणि दुखतं असं म्हणत असेल किंवा बटणं लावणंही जड जात असेल, तर थेरपिस्टला दाखवाच.