सिनेमाला खराखुरा ऑर्केस्ट्रा लागतोच का?

तापीकाठ:
परवा चोपड्याकडे एका लग्नात बँडनं 'याड लागलं' काढलं. व्हायोलिनांचा सगळा भाग दोन क्लॅरोनेटांवर! चाल कुठे अडली नाही, वऱ्हाड खूश. मग अजय-अतुल 'सैराट'साठी (२०१६) हॉलिवूडला जाऊन ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करून आले, ते कशाला? आता कीबोर्डवर एका बोटाखाली पन्नास व्हायोलिनं वाजतात. माझ्या मते जिवंत ऑर्केस्ट्रा उरलाय तो मिरवण्यापुरता.

क्लॅरोनेटवाला:
बारा लग्नसराया बँडमध्ये काढल्यात, म्हणून बोलतो. तुम्ही चाल ऐकली, वाद्यमेळ ऐकलाच नाही. कीबोर्डातला एकेक स्वर सुटा टिपून ठेवलेला असतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर गज सरकतो, तिथे कीबोर्ड उघडा पडतो. वीस जण एकत्र गज ओढतात तेव्हा कुणी केसभर आधी, कुणी केसभर मागे. त्यातूनच आवाजाला अंग येतं. (आमच्यात हे जरा जास्तच होतं, ते सोडा.)

आणि चाल संगीतकाराची असली तरी कुठलं वाद्य कधी येणार, हे लिहिणारा बऱ्याचदा वेगळाच असायचा. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसूझा होते. गायिका गात असते आणि मागून व्हायोलिनं आपली वेगळीच चाल घेऊन निघतात ना, ती त्यांची करामत. स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणारी गोव्याची मंडळी नसती तर हे कागदावरच राहिलं असतं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलालसुद्धा व्हायोलिन शिकले ते गोव्याच्याच अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे.

भरीतपार्टी:
मोठ्या ताफ्याचं कौतुक पुरे. 'सायको' या भयपटाला (१९६०) संगीतकार बर्नार्ड हरमननं नुसती तंतुवाद्यं घेतली. ना ट्रम्पेट, ना ड्रम. तरी न्हाणीघरातल्या प्रसंगाला आजही अंगावर काटा येतो.

क्लॅरोनेटवाला:
वाजवली माणसांनीच ना?

शिरपूरकर:
भाऊ, तुमनं म्हननं बरोबर शे, पन आपली पावरी (सातपुड्यातल्या आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) कोठे शे? सिनेमात सातपुडा दाखवतात आणि मागे वाजते बासरी. त्यासाठी हॉलिवूडला जायची गरज नाही, शहाद्यापर्यंत आलं तरी पुरे.

तापीकाठ:
पावरीचं शंभर टक्के मान्य. बाकी, काल हेडफोन लावून 'याड लागलं'ची सुरुवात पुन्हा ऐकली. फरक आहे, नाही म्हणत नाही. पण वऱ्हाडाला तो कळत नाही, यावर मी ठाम.

क्लॅरोनेटवाला:
कळतो हो. त्याच घरात दुसरं लग्न निघालं की सुपारी कुठल्या बँडला देतात, ते बघा.