टेराफॉर्मनं सर्व्हर उभा राहते, पण त्यात सॉफ्टवेअर टाकाचं कसं?

वणीचा_पोट्टा:
राजेहो, मी गावातूनच काम करतो. एका जिनिंगवाल्याचं कापूस आवक अन् काटापट्टीचं ॲप आहे, सर्व्हर एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचं क्लाउड) मुंबई रीजनले. सीझनमध्ये दोनाचे पाच-सहा करावे लागतात. टेराफॉर्मनं (कोड लिहून सर्व्हर बनवाचं टूल) मशीन उभी राहते, मग रिमोट-एक्झेकनं, म्हणजे टेराफॉर्मच माझ्या लॅपटॉपवरून मशीनवर कमांड चालवते, एनजिनएक्स, नोड वगैरे सॉफ्टवेअर टाकतो, पण इथं लाइन गेली का एसएसएच (सर्व्हरशी दुरून जोडणी) तुटते अन् पुढच्या वेळी अप्लाय चालवलं का टेराफॉर्म ती मशीन पाडून पुन्हा नवी बनवते. यूजर-डेटा (मशीन बनवताना सोबत देतो ती स्क्रिप्ट), ॲन्सिबल (सर्व्हर सेट कराचं टूल) का पॅकर (सॉफ्टवेअरसकट मशीनचा साचा, म्हणजे इमेज बनवाचं टूल), काय घेऊ?

काळी_माती:
रिमोट-एक्झेक सोड भाऊ. टेराफॉर्मच्या डॉक्समध्येच लिहून आहे का प्रोव्हिजनर (रिमोट-एक्झेक त्यातलंच) म्हणजे शेवटचा उपाय. मधात फेल झालं का मशीन टेंटेड (खराब म्हणून खूण) होते, म्हणून पाडते. स्क्रिप्ट यूजर-डेटात टाक, क्लाउड-इनिट (बूट होताना सर्व्हर सेट करणारा प्रोग्राम) ती सर्व्हरवरच चालवते, तुझ्या घरी लाइन असो का नसो. फक्त 16 केबीची मर्यादा आहे, अन् बाय डिफॉल्ट पहिल्या बूटलाच चालते, लोक स्क्रिप्ट बदलून रीस्टार्ट मारतात अन् काही झालं नाही म्हणून बोंबलत बसतात.

रातपाळी:
वरचं बरोबर, पण टेराफॉर्म 'कम्प्लीट' म्हणते तेव्हा आत एपीटी (उबंटूचं पॅकेज टाकाचं टूल) चालूच असते. शिवाय ऐन गर्दीत प्रत्येक मशीन इंटरनेटवरून पॅकेज ओढणार, एखादी रिपॉझिटरी (पॅकेजचा साठा) अडकली का सर्व्हर अर्धाच तयार. तुझ्या केसमध्ये मी पॅकरनं इमेजच बनवून ठेवीन, नोड-एनजिनएक्स आतच, यूजर-डेटात फक्त कॉन्फिग. पासवर्ड मात्र इमेजमध्येही नको अन् यूजर-डेटातही नको, एडब्ल्यूएसच्या सीक्रेट्स मॅनेजरमध्ये ठेव. ॲन्सिबल येत असल तर पॅकरच्या आतून तेच प्लेबुक (ॲन्सिबलची स्क्रिप्ट) चालते, वेगळं लिहा लागत नाही.

वणीचा_पोट्टा:
पण पॅकरही एसएसएचच करते ना? मंग लाइन गेली का तेच.

रातपाळी:
करते, पण तुटलं तर बिल्ड फसते, चालू सर्व्हरले धक्का नाही. अन् लॅपटॉपवरून कायले करतं, एक छोटी मशीन क्लाउडवर ठेव, त्यात टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) सोडून दे, लाइन आल्यावर पाहाचं.

काळी_माती:
बिल्डच्या सुरवातीले 'क्लाउड-इनिट स्टेटस वेट' कमांड टाकजो, नाहीतर क्लाउड-इनिटचं काम संपाच्या आधीच एपीटी सुरू होते अन् बिल्ड फसू शकते. अन् जुन्या इमेजसोबत त्याचे स्नॅपशॉटही (डिस्कच्या कॉप्या) उडवत जा, त्याचे पैसे लागतच राहतात.