क्लबच्या शस्त्रांसाठी पक्की खोली बांधायची आहे, दार किती जाडीचं घ्यावं?

क्लबचिटणीस

नमस्कार मंडळी. आमच्या नेमबाजी क्लबकडे इतके दिवस फक्त एअर रायफली आणि एअर पिस्तुलं होती, ती साध्या लोखंडी कपाटांत राहायची. आता पॉइंट टू टूच्या (.२२ बोअरच्या, काडतुसं लागणाऱ्या) रायफली येणार आहेत, तेव्हा हे पुरणार नाही. हॉलला लागून एक सामानाची खोली आहे. (मापं आणि जागा नंतर काढून टाकली आहे.) विटांच्या भिंती, वर पत्रा, त्याखाली फॉल्स सीलिंग, एक खिडकी. पोलादी दार किती जाडीचं घ्यावं? आणि शस्त्रं, काडतुसं एकाच खोलीत ठेवली तर चालतील का? कार्यकारिणीपुढे खर्च मांडायचा आहे, म्हणून नीट समजून घ्यायचं आहे.

अनघा_शस्त्रागार

मी आमच्या क्लबचं शस्त्रागार सांभाळते. दादा, आधी एक करा, खोलीची मापं आणि ती इमारतीत कुठे आहे हे वरच्या मजकुरातून काढून टाका. असली माहिती चारचौघांत मांडू नये.

आता दार. ते सगळ्यात शेवटी घ्या, आधी शिडी लावून वर चढा. फॉल्स सीलिंगची एक फरशी उचलून बॅटरी मारा. बऱ्याच इमारतींत आतल्या भिंती सीलिंगपर्यंतच बांधलेल्या असतात आणि पत्र्याखाली सलग पोकळी असते. म्हणजे शेजारच्या खोलीतून वर चढून तुमच्या खोलीत उतरता येतं. तसं असेल तर दार कितीही जाड घ्या, उपयोग नाही. खोलीवर सळ्यांचा स्लॅब टाका आणि तो चारही भिंतींशी बांधून घ्या. भिंती त्याचं वजन पेलतील का, हे इंजिनिअरला विचारूनच. खिडकी कायमची बुजवा, नव्या विटा जुन्यांत गुंतवून. नुसती जाळी ठोकून भागत नाही. हवेसाठी वाकडी जाणारी लहान नळी ठेवा, आत गज घालून.

स्लॅब झेपणार नसेल तर खोलीचा नाद सोडा आणि तोच पैसा चाचणी झालेल्या तिजोरीत घाला. युरोपातलं ईएन ११४३-१ हे मानक प्रत्यक्ष हत्यारांनी तिजोरी फोडून बघून श्रेणी ठरवतं. ईएन १४४५० त्याहून हलकं, त्यात एस१ आणि एस२ असे दोन स्तर. पत्रा किती मिलिमीटरचा, एवढ्यावरून कुलूप आणि सांधे किती टिकतील ते कळत नाही. १००० किलोपेक्षा हलकी तिजोरी जमिनीत अँकर बोल्टने जखडायलाच हवी, नाहीतर ती अख्खी उचलून नेतात.

माप घेताना अजून एक. ‘दहा बंदुकांचं कपाट’ हा हिशेब शिकारीच्या सडपातळ बंदुकांचा असतो. आपल्या मॅच रायफलीला मागे डायोप्टर साइट (बारीक भोकातून नेम धरायची), बाजूला आलेला गालाचा ठोकळा, खाली वळलेली बटप्लेट (खांद्याला टेकते ती). अशा दोन रायफली शेजारी ठेवल्या की एकीची साइट दुसरीच्या ठोकळ्यात अडकते. दहाच्या कपाटात चार-पाच नीट बसल्या तरी पुष्कळ. एक रायफल सोबत नेऊन, ठेवून बघूनच कपाट घ्या.

काडतुसं वेगळ्या कुलपात, वेगळ्या किल्लीने, मूळ खोक्यांतच ठेवा. जाड, हवाबंद तिजोरीत कोंबू नका. आग लागली तर आतला दाब कोंडतो, ते जास्त धोक्याचं. सुटं काडतूस आगीत फुटतं, पण भोवती बंदुकीची नळी नसल्यामुळे गोळीला वेग येत नाही, बहुधा हलकं केस (काडतुसाचं कवच) उडतं. तरीही अग्निशमन दलाला जागा आधी सांगून ठेवा. रायफलींचे बोल्टही (मागचा सरकता खटका, ज्याशिवाय गोळी झाडता येत नाही) काढून तिसऱ्या जागी ठेवा, प्रत्येकाला त्याच्या रायफलीचा नंबर बांधून.

वेल्डर_बापू

ताईंनी सांगितलं ते बरोबर. दाराबद्दल माझं एवढंच, चौकट बघा. दारं फोडत नाहीत, पहार घालून चौकट भिंतीतून सोडवतात. चौकटीला मागून सळ्या वेल्ड करून त्या भिंतीत खोल गाडा, पोकळ चौकट काँक्रीटने भरा. बिजागरीच्या बाजूलाही पिना द्या, दार बंद झालं की चौकटीतल्या भोकात शिरणाऱ्या. मग बिजागऱ्या कापल्या तरी दार निघत नाही. कुलपासमोर ड्रिल न चालणारी कठीण प्लेट हवी.

क्लबचिटणीस

मापं काढली, आभार. वर चढून बघितलं. अनघाताई, भिंत खरंच सीलिंगपाशी संपते. बापू, चौकटीचं सुताराला नाही, फॅब्रिकेटरलाच सांगतो. अलार्मचा खर्च मात्र काहींना जास्त वाटतोय. भिंत आणि दार पक्कं असेल तर तो लागतोच का?

अनघा_शस्त्रागार

लागतो. भिंत चोराला थांबवत नाही, वेळ खायला लावते. त्या वेळात कोणी येणार नसेल तर भिंत वाया. म्हणून सेन्सर असा लावा की भिंतीवर पहिला घाव पडताच कळेल. दार उघडल्यावर वाजणारी घंटा फार उशिरा वाजते. कार्यकारिणीला एकच विचारा, रात्री घंटा वाजली तर फोन कोणाला जाणार आणि तो किती वेळात पोचणार. तेवढा वेळ दाराने टिकायला हवं. तुमच्या दाराच्या जाडीचं उत्तर तिथून निघेल.

खोलीचा नकाशा शस्त्रपरवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आणि विमा कंपनीला काँक्रीट ओतायच्या आधी दाखवा. दोघांच्या अटी वेगळ्या असू शकतात.

किल्ल्यांबद्दल मी फार कडक आहे. किल्ली टेबलाच्या खणात ठेवायची नाही, रात्री इमारतीतच नाही. दोन कुलपं, दोन माणसं. पदाधिकारी बदलला की त्याच दिवशी कुलपाचा नंबर बदलायचा, माणूस कितीही विश्वासाचा असो. प्रत्येक खुंटीवर शस्त्राचा नंबर रंगवा. रायफल दिली की तिथे घेणाऱ्याच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला लटकवा. मग संध्याकाळी दारातूनच दिसतं, काय आलं नाही आणि कोणाकडे आहे. तरीही नोंदवही घेऊन नंबर वाचून मोजायचं, पोरं घरी जायच्या आधी.

प्रशिक्षक_दहामीटर

ज्युनिअर मुलं असतील तर अर्धं दार किंवा खिडकी करा, मुलांनी आत यायचंच नाही. शस्त्र देता-घेता चेंबर (गोळी बसते ती जागा) उघडं आणि त्यात सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ते रिकामं असल्याची रंगीत खूण, घातलेला. एअर रायफलींच्या हवेच्या सिलिंडरवरची मुदतीची तारीखही नोंदवहीत घ्या, ती कोणी बघत नाही.

क्लबचिटणीस

सिलिंडरचं लक्षातच नव्हतं. शेवटचा प्रश्न, स्लॅब वाळला की लगेच शस्त्रं हलवू का?

अनघा_शस्त्रागार

नको. नवं काँक्रीट आणि गिलावा महिनोन्‌महिने ओल सोडत राहतात, बंद खोलीत ती रायफलीच्या नळीवर बसते. आर्द्रतामापक लावा. काटा ५० टक्क्यांच्या आसपास टिकायला लागला की मग हलवा. तोवर डीह्युमिडिफायर चालवा, त्याचं पाणी नळीने बाहेर काढा, नाहीतर टाकी भरली की तो बंद पडतो. आगरोधक अस्तराची तिजोरी घेतलीत तर तिच्यात जास्त लक्ष ठेवा, त्या अस्तरातल्या जिप्समध्येच पाणी असतं. आणि फोमच्या पेटीत रायफल कायमची ठेवू नका. फोम घाम धरतो, आणि जिथे तो टेकतो तिथेच गंजाचे ठिपके येतात. आत ठेवण्याआधी तेलाच्या फडक्याने पुसायची, हाताच्या घामातलं मीठ जायला हवं.