उत्तर: ४० हजार ओळींची सभासद यादी गावनिहाय लावताना

प्रश्न होता: साखर कारखान्याची सभासद यादी एक्सेलमध्ये गावनिहाय लावायची आहे, पण कंट्रोल-ए दाबूनही ती अर्धीच निवडली जाते. कारण मध्ये कुठेतरी पूर्ण रिकामी ओळ आहे. एक्सेल तिथंच थांबतं. माउसनं ओढत बसू नका. वर डावीकडे, सेलचा पत्ता दिसतो त्या नेम बॉक्समध्ये पहिल्या आणि शेवटच्या सेलचा पत्ता मध्ये कोलन देऊन लिहा, एंटर मारा.

सॉर्ट करण्याआधी, म्हणजे क्रम लावण्याआधी, एक कॉलम वाढवून १, २, ३ असे क्रमांक भरा. मूळ क्रम परत आणायला तोच उपयोगी. एकच कॉलम निवडून सॉर्ट केलात तर इशारा येतो. तिथं ‘एक्सपांड द सिलेक्शन’च घ्या, नाहीतर खानापूरच्या माणसाचा ऊस निपाणीच्या नावावर!

सभासद क्रमांक १, १०, २ असे लागले तर ते मजकूर म्हणून साठलेत. कॉलम निवडून डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स, फिनिश. बँक खात्याच्या कॉलमला मात्र हे करू नका: सुरुवातीची शून्यं जातात, १५ अंकांपुढचे आकडेही शून्य होतात.

आपल्या सीमाभागातली खरी डोकेदुखी वेगळीच. गाव काही ओळींत मराठीत, काहींत कन्नडमध्ये असेल तर ते दोन ठिकाणी फुटतं. गावाला कोड द्या, त्यावर सॉर्ट करा. जुन्या, युनिकोड (अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली नावं तर आधी युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावी लागतात.