गळ्यातली माळ आणि 21 दिवस
21 दिवसांत नवी सवय लागते, आणि सवय बदलायची आठवण राहावी म्हणून मनगटाला रबरबँड बांधून काही होत नाही, असं लोक म्हणतात, पण ही दोन्ही मतं मला पटत नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 लोकांवर अभ्यास केला त्यात सवय लागायला साधारण 66 दिवस निघाले, आणि माणसागणिक 18 पासून 254 पर्यंत फरक. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यातच आलंय, म्हणून खाडा झाला की लगेच सोडून देऊ नका प्लीज.

आणि वस्तूचं म्हणाल तर आपल्याकडे वारकऱ्यांची तुळशीची माळ बघा ना. माळ घातली की दारू-मटण बंद, एकादशी धरायची, वारी करायची, आणि ती चोवीस तास गळ्यात असते त्यामुळे हात जरी लागला तरी आठवतं. आमच्या आजोबांची तंबाखू माळेनेच सुटली, मी स्वतः पाहिलंय. मी माळकरी नाही पण मुलांवर ओरडायचं नाही म्हणून उजव्या मनगटाला साधा दोरा बांधलाय, चौथा महिना चालू आहे, आवाज चढायला लागला की तो दिसतो आणि निम्म्या वेळा तरी मी थांबते. दोरा मात्र मळला की बदला, नाहीतर डोळ्यांना सवय होते आणि दिसेनासाच होतो.